प्रवासात उद्याने, कारंजी आणि रोपवाटिका पाहायच्या असतील तर

काही आठवड्यांच्या लांबच्या प्रवासात नामांकित उद्याने, सार्वजनिक कारंजी आणि जमल्यास एखाद-दुसरी रोपवाटिका पाहायची आहे. तेव्हा ठिकाणे कशी निवडावीत, कोणत्या वेळी जावे, तिथे नेमके काय पाहावे आणि आवडलेले रोप सोबत आणता येते का, असा आपला प्रश्न आहे. उद्यानरचना आणि रोपवाटिका या दोन्ही कामांत बरीच वर्षे घालवल्यामुळे माझे उत्तर थोडे कारागिराच्या नजरेचे असेल. उद्यान हे पाणी, माती आणि मनुष्यबळ यांच्या रोजच्या मेहनतीवर उभे असते. ती मेहनत दिसेल अशा वेळी आणि अशा वाटेने ते पाहिले, तरच प्रवासाचा खर्च सार्थकी लागतो.

निवडीबाबत बहुतेक जण उलट्या क्रमाने विचार करतात. आधी प्रसिद्ध नावांची यादी करतात आणि मग प्रवासाच्या तारखा त्या यादीवर बसवतात. राजवाडा किंवा संग्रहालय यांच्या बाबतीत हे चालते, उद्यानाच्या बाबतीत चालत नाही. नेदरलँड्समधील कॉयकेनहॉफ येथे सुमारे ७० लाख कंद लावले जातात, परंतु ते उद्यान मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत जेमतेम आठ आठवडेच खुले असते. फ्रान्समधील व्हर्सायची उद्याने वर्षभर पाहता येतात, पण तिथली कारंजी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात आणि त्यातही ठरावीक वारीच पूर्ण क्षमतेने सोडली जातात; इतर दिवशी गेलेला प्रवासी बंद कारंजी आणि स्थिर पुतळे पाहून परततो. जपानच्या क्योतोमधील साइहोजी या मंदिराच्या शेवाळ-बागेत १९७७ पासून आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश मिळत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२७ पासून चालत आलेल्या नॅशनल गार्डन स्कीम या योजनेखाली एरवी बंद असणाऱ्या खासगी बागा धर्मादाय मदतीसाठी वर्षातील मोजक्या दिवशी उघडल्या जातात, आणि मोठ्या सरकारी उद्यानांपेक्षा त्यांत शिकण्यासारखे कितीतरी अधिक असते, असे माझे स्पष्ट मत आहे. तात्पर्य, आपल्या तारखा ठरलेल्या असतील तर त्या तारखांना कोणते उद्यान ऐन बहरात किंवा ऐन कामात आहे, हे शोधावे आणि बाकीची नावे निःसंकोच गाळावीत.

तारखा बहराच्या नसतील तर फुलांवर अवलंबून नसलेली उद्याने निवडावीत. क्योतोच्या र्‍योआनजी मंदिरातील पांढऱ्या खडीच्या अंगणात १५ दगड असे मांडले आहेत की, ओसरीवर कुठेही बसले तरी त्यांतला किमान एक नजरेआड राहतो; तिथे ऋतूचा फारसा प्रश्न येत नाही. सदाहरित कुंपणे, दगडी पायऱ्या आणि पाणी यांवर उभी असलेली इटलीतील जुनी उद्याने किंवा सूजौ येथील अभिजात चिनी उद्याने हिवाळ्यातही उणी वाटत नाहीत. किंबहुना पानगळीनंतर उद्यानाचा सांगाडा उघडा पडतो आणि रचनाकाराने रेषा कशा टाकल्या, हे तेव्हाच नीट कळते. जपानमधीलच कानाझावा येथील केनरोकुएन उद्यानात नोव्हेंबरपासून जुन्या पाइन वृक्षांच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून उंच खांबांवरून दोरांनी तोलून धरतात. ही देखभाल इतकी देखणी आहे की, अनेक प्रवासी केवळ ती पाहण्यासाठी त्या दिवसांत तिथे जातात.

दिवसातील वेळेविषयी थोडक्यात सांगतो. उद्यान उघडल्यानंतरचा पहिला तास आणि बंद होण्यापूर्वीचे दोन तास हीच खरी वेळ असते. भर दुपारी प्रकाश सपाट पडतो, रंग विटके दिसतात आणि गर्दीही तेव्हाच असते. काही वनस्पतींचे स्वतःचे वेळापत्रक असते: दोन मीटरहून मोठी पाने असणारे व्हिक्टोरिया अमेझोनिका हे कमळ पहिल्या संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होते आणि मग मिटून पाण्याखाली जाते, त्यामुळे सकाळी दहाला तळ्याकाठी उभे राहणाऱ्याला केवळ पानेच दिसतात. दिवसाला एकच मोठे उद्यान ठेवावे, दोन ठेवू नयेत. शक्य असल्यास त्याच उद्यानात संध्याकाळी पुन्हा जावे.

आता पाण्याकडे वळतो, कारण माझ्या मते उद्यान वाचण्याची किल्ली तिथे आहे. कोणत्याही ऐतिहासिक उद्यानात गेल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा: इथे पाणी कुठून येते आणि ते वर कसे चढते? विजेचे पंप येण्यापूर्वी कारंज्याची उंची ही मुख्यतः उगमाच्या उंचीवर ठरत असे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो, आणि नळातील घर्षण व हवेचा विरोध यांत त्यातला काही भाग खर्ची पडतो, म्हणून धार उगमाच्या पातळीपर्यंत कधीच पोहोचत नाही. हे सूत्र लक्षात ठेवले की, कारंजे पाहताना आपण आपोआप मागच्या टेकडीकडे पाहू लागतो. इंग्लंडमधील चॅट्सवर्थ या सरदारी निवासाच्या उद्यानात रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून तिथले मुख्य उद्यानपाल जोसेफ पॅक्स्टन यांनी १८४४ मध्ये एम्परर फाउंटन हे कारंजे उभारले. त्यासाठी घराहून सुमारे १०७ मीटर उंचीवर माळरानात तळे खोदले गेले आणि त्या दाबावर धार ९० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार मात्र आलाच नाही. सेंट पीटर्सबर्गजवळील पीटरहॉफची कारंजीही पंपांशिवाय चालतात. रोप्शाच्या उंचवट्यांवरील झऱ्यांचे पाणी २० किलोमीटरहून लांब कालव्याने आणले जाते आणि केवळ उताराच्या बळावर सॅमसन कारंज्याची धार सुमारे २० मीटर उडते. ज्यांना मूळ कल्पना लहान प्रमाणात पाहायची आहे, त्यांनी वर उल्लेखलेल्या केनरोकुएनमधील साधे एकधारी कारंजे चुकवू नये. वरच्या कासुमिगाइके तळ्याच्या दाबावर उडणारे हे कारंजे जपानमधील सर्वांत जुने मानले जाते.

याच्या उलट उदाहरण व्हर्सायचे आहे. तिथे उंचीवरचा पुरेसा साठा जवळपास नव्हता. सीन नदीचे पाणी उचलण्यासाठी मार्ली येथे १४ प्रचंड जलचक्रांचे यंत्र उभारले गेले आणि ते १६८४ मध्ये सुरू झाले, तरीही सगळी कारंजी एकाच वेळी चालतील एवढे पाणी मिळाले नाही. त्यामुळे राजा ज्या बाजूला वळेल तिथली कारंजी चालू करायची आणि तो पुढे गेला की बंद करायची, असा शिरस्ता पडला. चाव्या सांभाळणारे कामगार त्यासाठी एकमेकांना शिट्यांनी इशारा देत. चौदाव्या लुईने उद्यान कोणत्या क्रमाने पाहावे याची सूचनापत्रिका स्वतः लिहिली होती, ही गोष्ट पुष्कळांना राजेशाही हौस वाटते. मला तीत पाणीटंचाईचेही व्यवस्थापन दिसते.

उगम शोधण्याचा दुसरा फायदा असा की, उद्यान कोणत्या दिशेने चालावे हे त्यावरून ठरते. रोमजवळील तिवोली येथील व्हिला देस्ते हे सोळाव्या शतकातील उद्यान आनिएने नदीच्या पाण्यावर चालते. आजचा प्रवासी वरच्या राजवाड्यातून आत शिरतो आणि उतरत जातो, परंतु मूळ प्रवेशद्वार उद्यानाच्या तळाशी होते आणि पाहुण्याने कारंज्यांच्या गर्जनेतून एकेक टप्पा चढत राजवाड्यापर्यंत यावे, अशी रचनाकार पिर्रो लिगोरिओ यांची योजना होती. म्हणून माझा सल्ला असा की, आत गेल्यावर इकडेतिकडे न पाहता थेट तळाशी उतरावे आणि तिथून खरी भेट सुरू करावी. तिथले जलशक्तीवर वाजणारे ऑर्गनचे कारंजे ठरावीक वेळांनाच वाजते, ती वेळ तिकीट घेतानाच विचारून घ्यावी. श्रीनगरच्या निशात बागेचेही तसेच आहे. आसफ खान याने १६३३ मध्ये वसवलेल्या या बारा टप्प्यांच्या बागेत मुळात दल सरोवरातून नावेने यायचे असे. पुढे सरोवर आणि बाग यांच्यामधून रस्ता गेला आणि तो क्रम तुटला. तरीही पाठ सरोवराकडे आणि तोंड झबरवान डोंगराकडे करून खालून वर चढले तरच एका टप्प्यावरून दुसऱ्यावर उतरणाऱ्या चादरी समोर येतात. त्या नक्षीदार उतरत्या दगडांवर पाणी मुद्दाम फेसाळते आणि थोड्याशा पाण्यातूनही भरपूर प्रकाश व नाद मिळतो. कमी पाण्यात अधिक परिणाम साधण्याची ही विद्या आजच्या रचनाकारांनी पुन्हा शिकण्यासारखी आहे.

स्पेनमधील ग्रानादा येथील अल्हाम्ब्रा या राजवाडा-संकुलाविषयी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. तिथल्या हेनेरालिफे या उन्हाळी महालाच्या लांब हौदावर दोन्ही बाजूंनी कमानीसारख्या झेपावणाऱ्या ज्या धारा सगळ्या छायाचित्रांत असतात, त्या नासरी, म्हणजे तिथल्या मुस्लिम सुलतानांच्या, काळातील नसून फार नंतर बसवलेल्या आहेत. मूळ रचनेत पाणी बहुतांशी शांत होते: दारो नदीतून आणलेला शाही पाट, काठोकाठ भरलेले हौद आणि अगदी मंद बुडबुडे. त्या मूळ वृत्तीची कल्पना यायची असेल तर वरच्या बाजूची पाण्याची जिना-वाट पाहावी. तिथे दोन्ही कठड्यांच्या माथ्यावरील पन्हळीतून पाणी वाहते आणि चढताना हात त्यात बुडवता येतो. नासरी राजवाड्यांच्या प्रवेशाची वेळ तिकिटावर बांधून दिलेली असते. ती चुकली तर पुन्हा मिळत नाही, म्हणून उद्यान आधी की राजवाडा आधी हे त्या वेळेप्रमाणे ठरवावे.

शहरांतील कारंजी पाहण्याची पद्धत वेगळी आहे, कारण त्यांचा जन्म बहुधा गरजेतून झालेला असतो. जिनेव्हाचे १४० मीटर उंच झेदो हे कारंजे मुळात १८८६ मध्ये जलशक्ती-केंद्रातील जादा दाब सोडण्याची झडप होती. १८९१ मध्ये ते आजच्या जागी, सरोवराच्या मुखाशी, शोभेसाठी हलवले गेले. आज त्यातून सेकंदाला ५०० लिटर पाणी ताशी २०० किलोमीटर वेगाने बाहेर पडते आणि जोराचा वारा सुटला की ते बंद करतात, त्यामुळे केवळ त्यासाठी मार्ग वाकडा करण्यापूर्वी हवामान पाहावे. रोमचे त्रेवी कारंजे १७३२ ते १७६२ या काळात बांधले गेले, परंतु ज्या जलवाहिनीचे ते टोक आहे ती ॲक्वा व्हिर्गो रोमन सेनापती अग्रिप्पाने इ.स.पू. १९ मध्ये सुरू केली होती. गर्दीत नाणे फेकून परतण्यापेक्षा पहाटे जाऊन त्या जलवाहिनीचे टोक म्हणून ते पाहावे. रोममधल्याच रस्त्यारस्त्यांवरील ओतीव लोखंडाच्या छोट्या नळखांबांकडे लोकांचे लक्ष जात नाही. त्यांच्या वाकड्या तोटीला वरून एक भोक असते, आणि तोटीचे तोंड बोटाने दाबले की पाणी त्या भोकातून वर उडते व ओणवे न होता पिता येते. पॅरिसमध्ये सर रिचर्ड वॉलेस यांनी १८७२ पासून बसवलेली चार स्त्रीमूर्तींची हिरवी कारंजी याच जातीची आहेत, मात्र गोठण्याच्या भीतीने ती हिवाळ्यात बंद ठेवतात. पिण्यायोग्य नसलेल्या पाण्यावर इटलीत ‘नॉन पोताबिले’ आणि फ्रान्समध्ये ‘नॉन पोताब्ल’ अशा अर्थाची पाटी असते. पाटी नसली तरी शोभेच्या हौदातील पाणी बहुधा तेच तेच फिरवलेले असते, म्हणून ते तोंडाला लावू नये.

कारंज्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य पाहायचे असेल तर सूर्य पाठीशी ठेवावा. सपाट जमिनीवरून ते दिसण्यासाठी सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून खाली असावा लागतो, म्हणजे बहुधा पुन्हा सकाळ किंवा संध्याकाळच साधावी लागते.

वनस्पती-उद्यानांत, म्हणजे जिथे संग्रह अभ्यासासाठी ठेवलेला असतो तिथे, पाट्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाटीवरील क्रमांक ही त्या झाडाची नोंदवहीतील ओळख असते आणि पुष्कळ ठिकाणी त्यातील पहिले चार अंक झाड संग्रहात आल्याचे वर्ष सांगतात. संग्रहांच्या नोंदींत उगमासाठी रोमन अक्षरांतील सांकेतिक खुणा असतात: ‘डब्ल्यू’ म्हणजे थेट रानातून आणलेले, ‘झेड’ म्हणजे रानातून आणून लागवडीत ठेवलेल्या झाडाच्या बियाण्यापासून किंवा कलमापासून वाढवलेले, ‘जी’ म्हणजे बागेतल्याच वंशाचे आणि ‘यू’ म्हणजे उगम अज्ञात. हे पाहण्याची सवय लागली की, दोन सारख्या दिसणाऱ्या झाडांपैकी शास्त्रज्ञाला कोणते मोलाचे वाटते, ते कळते. छायाचित्र घेताना आधी पाटीचे आणि लगेच झाडाचे घ्यावे, म्हणजे घरी परतल्यावर नावांचा घोळ होत नाही.

पाटीजवळची एखादी फांदी किंवा शेंग खिशात घालण्याचा मोह पुष्कळ सभ्य माणसांनाही होतो, म्हणून इतिहासातील एक दाखला देतो. इटलीतील पादुआ येथील १५४५ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पती-उद्यानात रात्रीच्या चोऱ्या एवढ्या वाढल्या की, १५५२ मध्ये त्याभोवती गोल तटबंदी बांधावी लागली आणि ती आज त्या उद्यानाची ओळख आहे. जानेवारी २०१४ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून रवांडातील निम्फिया थर्मारम या जगातील सर्वांत लहान कुमुदिनीचे रोप चोरीला गेले, तेव्हा ती रानातून नष्ट झाली असेच मानले जात होते. हवे असल्यास मागावे. संशोधन-संग्रहातून मिळणार नाही, पण विक्रीचे दालन असलेल्या उद्यानात तेच वाण पुष्कळदा कुंडीत मिळते.

रोपवाटिकांकडे प्रवासी क्वचितच जातात, हे मला नेहमी खटकते. उद्यानात तयार मांडणी दिसते, तर रोपवाटिकेत ती कशी घडते ते दिसते. सुरुवात अशा ठिकाणांपासून करावी जिथे बाग आणि रोपवाटिका एकाच कुंपणात आहेत, कारण तिथे कुंडीतल्या रोपाचे पुढे काय होते, हे चार पावलांवर पाहता येते. इंग्लंडमधील एसेक्स या कमी पावसाच्या भागातील बेथ चॅटो यांची बाग हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. जुन्या वाहनतळाच्या खडीवर १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जी लागवड केली, तिला वरून पाणी घालायचे नाही हा नियम ठेवला आणि जी झाडे तगली त्यांचीच रोपे शेजारच्या रोपवाटिकेत विकली. ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर येथेही बागेला जोडूनच रोपवाटिका आहे. घाऊक रोपवाटिका मात्र सामान्यतः बाहेरच्यांसाठी उघड्या नसतात. तिथे जायचे असल्यास काही आठवडे आधी पत्र पाठवून आपला हेतू कळवावा आणि वसंतातील शनिवार-रविवार टाळावेत, कारण त्या दिवशी मालकाला बोलायला क्षणाची फुरसत नसते. समशीतोष्ण देशांत उन्हाळ्याच्या अखेरीस अर्धपक्व फाट्यांची लागवड आणि हिवाळ्याच्या अखेरीस खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या दुसऱ्या रोपावर, कलमे बांधण्याचे काम चालते. हे हात चालताना पाहायला मिळाले तर पुस्तकी ज्ञानाला अर्थ येतो.

चांगली रोपवाटिका ओळखण्याच्या खुणा फुलांत नसतात. ज्यांच्यापासून कलमे घेतात ते मातृवृक्ष स्वतंत्र जागी आहेत का, कुंड्या जमिनीवरून उचलून ठेवल्या आहेत का, की मुळे खालच्या मातीत शिरली आहेत, कुंडीच्या तोंडाशी तण आणि शेवाळ माजले आहे का, पानांची खालची बाजू स्वच्छ आहे का, हे पाहावे. विचारून एखादे रोप कुंडीतून अलगद बाहेर काढावे. मुळे गोलगोल गुंडाळून काथ्याच्या दोरीसारखी झाली असतील तर ते रोप जमिनीत लावल्यावरही पुष्कळदा तसेच आवळलेले राहते. मी नेहमी दोनच प्रश्न विचारतो: हे रोप इथेच वाढवले की विक्रीसाठी बाहेरून आणले, आणि कलमी असेल तर खुंट कोणता? दुसऱ्या प्रश्नाला ठाम उत्तर देणारा माणूस भेटला तर पुढचा तासभर त्याच्याबरोबर घालवावा.

तिथे पाहिलेले झाड आपल्याकडे जगेल का, याचा अंदाज तापमानाच्या जोडीने पावसाच्या ऋतूवरूनही करावा. भूमध्य समुद्राचा परिसर, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा केप प्रदेश आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण भाग या पाच प्रदेशांत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो; त्यामुळे एका ठिकाणचे झाड दुसरीकडे बहुधा रुळते. केपटाऊनजवळील १९१३ मध्ये स्थापन झालेल्या कर्स्टनबॉश उद्यानातील प्रोटिया किंवा भूमध्य किनाऱ्यावरील लव्हेंडर यांना उष्ण आणि ओला उन्हाळा दिला, तर थंडीने नव्हे, मुळे कुजून ती मरतात. म्हणून माझा कल असा की, परदेशी रोपवाटिकेत खरेदी करण्यापेक्षा शास्त्रीय नाव आणि वाणाचे नाव टिपून घ्यावे आणि घराजवळच्या विश्वासू रोपवाटिकेत त्याची चौकशी करावी.

तरीही काही आणायचेच असेल तर नियम आधी वाचावेत. सर्वसाधारणपणे जिवंत रोपासाठी निघण्याच्या देशाने दिलेले वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, भारतासह पुष्कळ देशांत आधी घेतलेला आयात परवानाही लागतो, आणि मुळांना माती चिकटलेली असणे अनेक ठिकाणी अजिबात चालत नाही. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून प्रवाशाच्या सामानातील जवळजवळ सर्व वनस्पतिजन्य वस्तूंना हे प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि त्यातून केवळ अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही फळे वगळली. ऑर्किड, निवडुंग आणि सायकस यांसारख्या वनस्पतींना शिवाय संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील साइटस या आंतरराष्ट्रीय कराराची परवानगी लागू शकते. ऑर्किडच्या पुष्कळ जातींची निर्जंतुक बाटलीत वाढवलेली रोपे त्या परवानगीतून सुटतात, पण आरोग्य प्रमाणपत्रातून सुटतीलच असे नाही. या नियमांमागे कागदी अट्टहास नाही: दक्षिण इटलीत २०१३ मध्ये आढळलेला झायलेला हा जिवाणू मध्य अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपातून शिरला असे मानले जाते, आणि त्याने आपुलिया प्रांतातील लक्षावधी ऑलिव्ह वृक्ष वाळवले.

रोग केवळ रोपांतून येत नाहीत, चिखलातूनही येतात. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांना मारणारी बुरशीसदृश सूक्ष्मजीव बुटांच्या तळव्याला लागलेल्या मातीतून पसरतो, म्हणून तिथल्या जंगलवाटांच्या तोंडाशी बूट घासून निर्जंतुक करण्याची सोय केलेली आहे. रोपवाटिकांना भेट देणाऱ्याने हाच नेम पाळावा: प्रत्येक भेटीनंतर बुटांचे तळवे ब्रशने घासून धुवावेत आणि विमानात चढण्यापूर्वी पूर्ण वाळवावेत. सीमेवरील घोषणापत्रात शेत किंवा तत्सम ठिकाणी जाऊन आलात का असे विचारले असेल तर रोपवाटिकेचा उल्लेख मोकळेपणाने करावा. तसे केल्यास अधिकारी बहुधा बूट तपासून परत देतो, आणि लपवल्यास मात्र काही देशांत जागेवरच दंड होतो.